सुजाताच्या प्रयोगशाळेची चावी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. सुजाताला मेथीची पातळ भाजी आवडायची आणि दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या बाजारात त्या दिवशी जुडी बरी मिळाली होती. विद्यापीठातल्या तिच्या विभागातल्या कुणी बाई बोलत होत्या, "अंकल, आप जल्दी आ जाइए." मी विचारलं, कोणत्या हॉस्पिटलात? त्या नुसत्या रडायला लागल्या... मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. शिकवता शिकवता खाली बसली, ती उठलीच नाही. माझी एकुलती लेक. तिची आई आधीच गेली, आता ही गेली आणि मी मागे राहिलो. हा क्रम बरोबर नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून दिल्लीला आलो, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. आम्ही नागपूरकडचे बौद्ध, गावाच्या कडेच्या वस्तीतले. त्या वस्तीतल्या माणसाची पोरगी रसायनशास्त्रात डॉक्टर व्हायला निघाली, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आमच्यासारख्यांच्या मुलांनी विज्ञानात संशोधन करावं म्हणून सरकारची एक योजना होती. तीतून तिला जागा मिळाली. रविवारी मी तिला स्कूटरवरून प्रयोगशाळेपर्यंत सोडायचो. फाटकातून आत गेली की वळून हात करायची. परत आलो की मी मुद्दाम मोठ्याने सांगायचो, "आमच्या पोरीला रविवार नसतो!" शेजारचे कुलकर्णी चिडवायचे, "अहो, जेवायला तरी घरी येते ना?" मला त्या चिडवण्याचाही अभिमान वाटायचा.

सुजाता डॉक्टर झाली, त्याच विभागात शिकवायला लागली. दिल्ली बाहेर बाहेर सरकत होती. आम्हीही द्वारकेत फ्लॅट घेतला, दारात छोटी गाडी आली. मग त्याच योजनेचा उपयोग किती झाला हे तपासायला समिती बसली आणि तिला त्यात घेतलं. बाकीचे सभासद आत किती मुलं आली ते मोजत होते. ही म्हणाली, मी सोडून गेलेल्यांना भेटणार. जेवताना आमची जुंपली.

"बाबा, आत येतात ती सगळी टिकत नाहीत."

"मग ते चव्हाट्यावर कशाला मांडायचं? ज्या शिडीने चढलीस तिलाच लाथ? उद्या म्हणतील, ह्यांना जमत नाही, बंद करा योजना."

"आणि मी गप्प बसले तर?"

"तर निदान दार तरी उघडं राहील."

भाकरी मोडता मोडता ती हसली. "दार..." एवढंच म्हणाली.

दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात दिलीप नावाचा मुलगा होता, वाशिमकडचा. ह्याच योजनेतून घेतलेली पीएचडी अर्धी सोडून तिथे रंगाच्या विभागात लागलेला. हायवेवर मी तिला गाडी चालवू देत नसे, म्हणून मीच घेऊन गेलो. शिफ्ट सुटली होती, कंपनीच्या बसेस लागल्या होत्या. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. मला वाटलं, ही आता मार्क विचारील, घरची परिस्थिती विचारील. तिने विचारलं, "प्रयोगशाळेची चावी होती का रे तुझ्याकडे?"

दिलीप हसायला लागला. "कुठली चावी, मॅडम? ती सरांच्या घरच्यासारख्या मुलांकडे. माझं रसायन आत शिजतंय आणि मी बाहेर वाट बघतोय, कुणी येतंय का. सुट्टीच्या दिवशी तर विचारूच नका. काम वाया गेलं की सर म्हणायचे, तुम मेहनत नहीं करते." मग गळ्यातलं कार्ड उचलून म्हणाला, "इथे बरंय. हे दाखवलं की गेट उघडतं. कधीही."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. नव्या इमारतींचे सांगाडे मागे जात होते.

"बाबा, रविवारी तुम्ही मला सोडायचात ना..."

"हो."

"मलाही चावी नव्हती."

मी गाडी कडेला घेतली. "मग दिवसभर?"

"जिन्यावर बसायचे. कुणी आलं तर आत. नाही आलं तर तिथेच डबा खायचे, वाचायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अख्ख्या कॉलनीत सांगत होतात ना, आमच्या पोरीला रविवार नसतो म्हणून..."

मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मला गिअर सापडेना. मी म्हणालो, "लिही. सगळं लिही."

तिने लिहिलं. कुणाकडे चावी होती, कुणाकडे नव्हती, कोण टिकलं, कोण गेलं. अहवाल छापून आला तेव्हा त्यात आत किती मुलं घेतली तेवढंच होतं. तिने लिहिलेलं प्रकरण विषयाला धरून नाही म्हणे, म्हणून गाळलं. ह्या लोकांपुढे मी असतो तर... जाऊ दे. तिने सही केली नाही आणि आरडाओरडाही केला नाही. सरळ चावीवाल्याकडे गेली. तेव्हापासून तिच्या प्रयोगशाळेत नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात चावी. कुणी पेढे घेऊन आलं तर म्हणायची, "पेढा नंतर, आधी चावी घे."

सुजाताच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि विभागातून क्लार्कचा फोन आला. "बाबूजी, मॅडम की चाबी जमा करनी पड़ेगी, रूल है." म्हटलं, आणून देतो. आणि गेलो रविवारी. ऑफिस बंद असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या फाटकापर्यंत आयुष्यभर गेलो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. जिना सापडला. वरच्या पायरीवर बसलो. दगड गार होता. तिथून फाटक स्वच्छ दिसतं... म्हणजे मी स्कूटर वळवून, छाती पुढे काढून निघून जायचो, ते तिला इथून दिसत असणार.

मग एक मुलगी आली, धुळ्याकडची, नवीनच. पुण्यानुमोदनाला आली होती म्हणून ओळखलं. ओढणी सावरत तिने पर्समधून चावी काढली आणि इकडेतिकडे न बघता दार उघडलं. स्वतःच्या घराचं उघडावं तसं. मग मी दिसलो.

"बाबा, तुम्ही? बाहेर का बसलात? चला ना आत."

"तू जा, बेटा. तुझं काम बघ. मी इथेच बसतो थोडा वेळ..."

ती आत गेली. दार तिने माझ्यासाठी उघडंच ठेवलं होतं. मला काही उठवेना.

चावी मी अजून दिलेली नाही. द्वारकेच्या घरात, दाराजवळच्या खुंटीवर सुजाता अडकवायची तिथेच ती आहे. क्लार्कचे फोन येतात. येऊ देत. इतकी वर्षं जी चावी तुम्ही तिला दिली नाहीत, ती इतक्या लवकर परत मागू नका.