बांधलेला गुडघा

बुटांच्या दुकानात तो बुटक्या स्टुलावर बसतो. गिऱ्हाइकाचा पाय हातात घेतो, अंगठा कुठे टेकतो ते चाचपतो आणि नेमका जोड काढून देतो. खाली वाकायची वेळ मात्र स्वतःवर येऊ देत नाही. फुटबॉल खेळायचा तेव्हा त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे, कारण त्याला ओलांडून चेंडू गोलाकडे नेणं महाकठीण. त्याची आई म्हणायची, "कसली भिंत! घरात एक खिळा ठोकायला सांगा, ही भिंत लगेच गायब."

त्या मोसमाच्या शेवटी क्लबशी नवा करार व्हायचा होता. आणि नेमकं तेव्हाच सरावात उडी मारून उतरताना डाव्या गुडघ्यात काहीतरी लचकलं. त्यानं ब्र काढला नाही. बायकोला कळलं ते जिन्यावरून. वर येताना त्याचा एक पाय ठाम वाजायचा आणि दुसरा जरा घासत. ती भाजी चिरता चिरता ऐकायची. दिवसेंदिवस ते घासणं लांबत चाललं होतं.

"डॉक्टरांना दाखव."

"क्लबच्या डॉक्टरला दाखवलं की साहेबांच्या कानावर गेलंच. मग कसला करार?"

"मग बाहेरच्या कुणाला दाखव."

"पायाचा डॉक्टर आणि क्लबचा ओळखीचा नाही, असा एक तरी दाखव मला."

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यानं पट्टीची गुंडाळी तिच्या हातात दिली आणि पाय पुढे केला. उजवा.

"अरे, दुखतोय डावा ना?"

"म्हणूनच तर. समोरचे बांधलेल्या पायावरच येतात. जुन्या खेळाडूंची युक्ती आहे ही. येऊ देत, हा पाय धडधाकट आहे."

"आणि आपल्या माणसांना काय सांगितलंस?"

"उजवा जरा भरून आलाय म्हणून. तेवढ्यासाठी कुणी बाहेर बसवत नाही."

आई दारातून बघत होती. "सोंग घ्यायचं तर निभवता आलं पाहिजे," ती म्हणाली. "शाळा बुडवायला सकाळी पोट धरायचास आणि दुपारी विचारलं की डोकं."

तो खो खो हसला. बायकोला हसू आलं नाही. धडधाकट गुडघ्यावर पट्टीचे वेढे देताना तिला उगाचच वाटलं, आपण या गुडघ्याला काहीतरी शिकवतोय, जे त्याला ठाऊक नव्हतं.

युक्ती फळली, अगदी ठरल्याप्रमाणे. समोरचा धिप्पाड गडी पुन्हा पुन्हा उजव्या गुडघ्यावर येत राहिला. शेवटी एक लाथ अशी बसली की भिंत आडवी झाली. तो उठला, पण लंगडत. राखीव खेळाडूंच्या मागेच बसलेल्या बायकोला प्रशिक्षकांचा खणखणीत आवाज ऐकू आला, "बांधलेला पाय जप रे! सगळा भार दुसऱ्यावर घे!"

ती ताडकन उभी राहिली. पण ओरडायचं तरी काय? खरं सांगावं तर करार जातो. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको.

कोपऱ्यातून चेंडू उंच आला. भिंत उडाली आणि सांगितल्याप्रमाणे बांधलेला पाय जपत डाव्यावर उतरली.

गुडघ्याचा तो आवाज तिनं तिथं उभ्यानंच ऐकला. निदान तिला तरी तसंच वाटतं.

क्लबचे डॉक्टर धावत गेले, गुडघे टेकून बसले आणि कात्रीनं उजव्या पायाची पट्टी कापू लागले. तो जमिनीवर मुठी आपटत होता. "तो नाही! अहो, तो नाही!" डॉक्टर म्हणत होते, "हो हो, शांत राहा, हाच ना," आणि कापत होते.

डाव्याची शस्त्रक्रिया झाली. पुन्हा झाली. उजवाही पहिल्यासारखा झाला नाही. कराराचं नाव क्लबनं काढलं नाही आणि यानंही.

आता संध्याकाळी दुकान बंद करून तो जिना चढतो, तेव्हा ती विळी बाजूला सारून ऐकते. एक पाय घासतो, थांबतो. मग दुसराही घासतो. ती उठते, फ्रीज उघडते आणि बर्फाच्या दोन पिशव्या बाहेर काढून ठेवते.