धोतर आणि पोटावरची खूण

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन मी तीनदा नाकारलं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की शौचाची वाट पोटावर काढावी लागेल आणि तिथं कायमची पिशवी राहील. मरणाचं मला एवढं भ्या नव्हतं. पण पिशवी आली की धोतर सुटणार, आणि पायजमा मी जन्मात घातला नव्हता. हे सांगायची लाज वाटायची, म्हणून नुसतंच न्हाई म्हणत राहिलो.

शेवटी बायकोनंच नर्सबाईंना सांगून टाकलं, "यांचा जीव धोतरात अडकलाय. धोतर ऱ्हाईल आन् नेसणारा जाईल."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बाबा, रोज नेसता तसं नेसून दाखवा की."

मी पडद्याआड जाऊन कासोटा घालून आलो. त्यांनी मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. जिथं धोतर येत नव्हतं आणि पोटाला वळीही पडत नव्हती, तिथं शाईनं खूण केली.

"दिसती का खूण? पिशवी तुमची तुम्हालाच बदलायचीय."

"दिसती."

माझा जीव भांड्यात पडला. बायको म्हणाली, "आता काय अडलंय?"

"काही न्हाई. तारीख द्या म्हणावं."

ऑपरेशनला आता दोन वर्षं झाली. तपासणीला गेलो की बाई एखाद्या अडून बसलेल्या पेशंटाजवळ मला बसवतात. मी त्याला ऑपरेशनाचं काहीच सांगत नाही. आधी घरच्यांना बाहेर पाठवतो आणि विचारतो, "खरं अडलंय काय, तेवढं सांग."