फेरेट आणि राजगिऱ्याचा लाडू

टेबलावर ठेवलेल्या फेरेटचे मागचे पाय लुळे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागली होती. मी कानातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरला लावलं. साखर इतकी खाली होती की मी दुसरी पट्टी काढून पुन्हा तपासली. आकडा तसाच.

"डॉक्टर, सकाळी तर पडद्यावर चढला होता हा," मुग्धा म्हणाली. तिच्या शेजारी तिची दहा वर्षांची मुलगी इरा उभी होती. ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

मी ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळलं, सलाईन लावलं. वीस मिनिटांत साहेब उठून बसले आणि माझ्या हातमोज्याचं बोट चावायला लागले.

फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, लांबोडका, मऊ केसांचा प्राणी. हा जेमतेम पाऊण किलोचा. मी परभणीला शिकले, गाई-म्हशींवर हात बसवला, आणि गेली नऊ वर्षं कतारला, दोह्यातल्या अल मुंतझा भागात एका क्लिनिकमध्ये मांजरं, पोपट, ससाणे बघते. फेरेट महिन्यातून एखादा. देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने हा इराला दिला होता. अंगाने लांब म्हणून नाव नूडल.

"खायला काय देता?" मी विचारलं.

"फक्त मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं. तुम्हीच मागे सांगितलं होतं," मुग्धा म्हणाली. "आमच्या घरात बाकी काही मिळणारच नाही त्याला. आम्ही शाकाहारी. सासरे आलेत नाशिकहून, त्यांना तर त्या पिशवीवरचं कोंबडीचं चित्रसुद्धा चालत नाही. मी ते स्टिकर लावून झाकलंय."

माझे बॉस डॉ. करीम कैरोचे. अनुभवी माणूस. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "इन्सुलिनोमा."

म्हणजे स्वादुपिंडातली गाठ. ती गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर कोसळते. फेरेटमध्ये हा आजार बऱ्यापैकी दिसतो. गाठ मसुराच्या दाण्याएवढी असू शकते, त्यामुळे सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. आम्ही सोनोग्राफी केली. काही दिसलं नाही.

"पोट उघडून बघू," डॉ. करीम म्हणाले.

"सर, हा दीड वर्षाचाच आहे. हा आजार सहसा मोठ्या वयात होतो. आणि याची शी बघितलीत का?"

"शी तू बघ, डॉक्टोरा. मी रिपोर्ट बघतो."

मी बघितली होती. तिच्यात बारीक, गोल, पांढरट दाणे होते. अख्खेच्या अख्खे. मांजराच्या कुठल्याही खाण्यात असे दाणे नसतात. फेरेट पक्का मांसाहारी. त्याचं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य पचवायला ना वेळ, ना सोय. जसं गेलं तसं येतं.

दोन दिवस मी नूडलला क्लिनिकमध्ये ठेवलं. दर काही तासांनी थोडं थोडं, फक्त मांसाचं खाणं. त्याने कुरकुर केली, पण खाल्लं. साखर एकदाही खाली गेली नाही. घरी पाठवला, तर चौथ्या दिवशी पुन्हा लुळा.

"आता तरी ऑपरेशन?" डॉ. करीम म्हणाले.

"सर, एक आठवडा द्या. मी त्यांच्या घरी जाऊन येते."

"पेशंटचं पोट उघडायचं सोडून तू त्यांचं किचन उघडणार?" ते हसले. "यल्ला, जा. एक आठवडा. त्यानंतर माझं ऐकायचं."

शुक्रवारी सुट्टी होती. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. मुग्धाचा नवरा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, पंधरा दिवस बाहेर. घरात मुग्धा, इरा आणि सासरे. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले. पांढरा लेंगा, शर्टाच्या खिशात चष्मा.

मी तिघांना समोर बसवून विचारलं, "मांजराच्या खाण्याशिवाय कोण काय देतं याला?"

"कोणी नाही," तिघंही एकदमच म्हणाले.

मग मी इराला विचारलं, "हा वस्तू लपवतो कुठे?" कारण फेरेटला साठा करायची खोड असते. पोट भरलं की उरलेलं नेऊन दडवून ठेवतो.

"अंडर द सोफा," इरा म्हणाली. "ही इज अ थीफ."

मी आणि मुग्धाने सोफा सरकवला. भिंतीलगत व्यवस्थित ढीग होता. मांजराच्या खाण्याच्या गोळ्या, जवळजवळ न चाखलेल्या. त्यांच्यावर राजगिऱ्याच्या लाडवाचे तुकडे. बिया काढून उभे चिरलेले खजूर. आणि नाश्त्याला दुधात घालतात त्या रंगीत गोड रिंगा.

मुग्धाने त्यातला एक खजूर उचलून हातात धरला.

"खजूर मी दिले," ती म्हणाली. "संध्याकाळी एकच द्यायचे. बी अडकेल म्हणून काढून."

"ओन्ली फाइव्ह लूप्स," इरा म्हणाली. "मेबी टेन."

अप्पा उठून खिडकीशी गेले. "लाडू माझा. सकाळच्या चहाबरोबर. ह्या दोघी गेल्या की दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो. मी खायचं आणि त्याने नुसतं बघायचं, ते बरं दिसत नाही."

मी समजावून सांगितलं. गोड पोटात गेलं की साखर चढते. ती उतरवायला शरीर इन्सुलिन सोडतं. याच्या बाबतीत ते जास्तच सुटत होतं आणि साखर पार तळाला जात होती. वर गोडाने पोट भरलेलं, म्हणून खरं खाणं सोफ्याखाली.

"म्हणजे मीच त्याला पाडला," अप्पा म्हणाले.

"एकट्याने नाही, अप्पा. तिघांनी मिळून."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, "पनीर चालेल?"

"दुधाचं काहीच पचत नाही त्याला."

"मुगाची खिचडी?"

"अप्पा, तो शाकाहारी होऊ शकत नाही. त्याने ठरवलं तरी नाही."

आता अडचण वेगळीच होती. गोडाची चटक लागलेला नूडल कोरड्या गोळ्यांना तोंड लावेना. फेरेट वासावर खातात. गोळ्यांवर कोमट चिकनचं पाणी घातलं असतं तर खाल्ल्या असत्या. पण त्या घरात चिकन शिजणार नव्हतं, आणि मीही ते मागणार नव्हते.

मुग्धाने वरच्या मजल्यावरून रेहानाभाभींना बोलावलं. त्या रत्नागिरीच्या. बारा वर्षं त्याच इमारतीत.

"चिकन उकडून त्याचं पाणी द्याल का रोज? मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, मसाला नाही," मी म्हणाले.

भाभींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मग त्यात राहिलं काय, डॉक्टर? असलं जेवण मी दुश्मनाच्या घरी नाय पाठवणार."

"याला हेच मानवतं."

"बरं. पण कुणाला सांगू नका माझ्या हातचं म्हणून."

न्यायचं-आणायचं कोणी, हा प्रश्न उरला. मुग्धाची नोकरी, इराची शाळा. अप्पा खिडकीशीच उभे होते. म्हणाले, "डबा झाकलेला असेल ना?"

"घट्ट झाकणाचा देते, चाचा," भाभी म्हणाल्या.

"मग मी आणतो."

दुसऱ्या दिवशी मुग्धाने मला फोटो पाठवला. अप्पा जिना उतरतायत, हात सरळ पुढे ताणलेला, चिमट्यात धरल्यासारखी डब्याची कडी, तोंड भिंतीकडे. तिसऱ्या दिवसाच्या फोटोत हात थोडा वाकला होता. आठवड्याअखेरीला डबा सगळ्यांसारखाच हातात, आणि दुसऱ्या हातात भाभींना द्यायला राजगिऱ्याचे लाडू.

आठवड्याने नूडलला आणलं. साखर ठीक. महिन्याने पुन्हा तपासलं, तेव्हाही ठीक, आणि वजन वाढलेलं. डॉ. करीम यांनी स्वतः पोट चाचपलं, रिपोर्ट दोनदा वाचला आणि फाइलवरचं ऑपरेशनचं पान काढून टाकलं.

"खलास," ते म्हणाले. "पण गाठ असती तर?"

"तर तुमचं ऐकलं असतं, सर."

तेही खरंच. प्रत्येक फेरेट लाडवाने पडत नाही. काहींना गाठ असतेच, आणि तिथे किचन बघून भागत नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट बदलली. केसपेपरवर 'आहार' अशी एक ओळ असे, ती आता मी चार ओळींची केली आहे. घरातल्या प्रत्येक माणसाला मी वेगळं विचारते, बाकीच्यांना बाहेर बसवून. एकत्र विचारलं की सगळी घरं शिस्तीची असतात.