चार्जरचा पाचवा खण

आमच्या चार्जरला आठ खण आहेत. बायकोच्या भजनी मंडळाच्या माइकचे सेल मी दर सोमवारी त्यात लावतो. सात दिवे मुकाट्याने हिरवे होतात, पाचवा मात्र तांबडा लुकलुकत राहतो. तो लुकलुकला की सेल बाद, आणि बाद सेल डब्यात, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आज असाच एक सेल डब्यात टाकताना सुमन म्हणाली, "अहो, जागा बदलून बघितलीत का?"

मी चिडलोच. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी! तरी तो सेल दुसऱ्या खणात बसवला, आणि तासा-दोन तासांत दिवा हिरवा. पाचव्या खणात चांगला सेल घातला, तर त्याचाही दिवा लुकलुकायला लागला. खणातल्या धातूच्या पट्टीवर हिरवट थर साचला होता. खोडरबराने घासून काढला.

खोडरबर हातात होतं म्हणून असेल, वर्ग आठवला. शिकत नाही असं वाटलेलं पोर मी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर पाठवायचो. तिथे ते आणखीच मागे पडायचं आणि माझं मत पक्कं व्हायचं. निवृत्तीच्या दिवशी पाय दुखले म्हणून त्या बाकावर टेकलो. फळ्यावर ऊन चमकत होतं. मला माझंच अक्षर दिसेना.

हे आज पहिल्यांदा सुमनला सांगितलं.

"किती पोरं होती हो?" तिने विचारलं.

मी बाद सेलांचा डबा उघडला आणि एकेक सेल पुन्हा लावत बसलो.