खांदा द्यायचा राहिला

माझ्या थोरल्या भावाला माझं बसणं आवडत नसे. फौजेतून निवृत्त झाल्यावर तो लोणंदजवळ आमच्या गावी ऊस बघायचा. मी सांगलीत घरीच मुद्रितं तपासतो. सकाळी टेबलावरच्या संगणकाशी बसलो की जेवायलाच उठायचं, ही वर्षानुवर्षांची सवय.

दिवाळीनंतर तो राहायला आला. दारातूनच म्हणाला, "काय रं, इळ्यागत वाकलायस? त्या काचंत घुसतोस काय?"

"काम आहे, दादा."

"मग बसून कर की. हे बसणं न्हवं, लोंबकळणं हाय."

त्यानं कपाटातले दोन जाडजूड शब्दकोश काढून संगणकाच्या पडद्याखाली घातले. पडदा डोळ्यांसमोर आला. माझ्या कंबरेमागे उशी, पायांखाली पाट. "आन् अर्ध्या तासानं उठायचं. पहाऱ्यावरचा शिपाईबी फेरी मारतो, गड्या."

बरं वाटत होतं, नाही असं नाही. पण शब्दकोशांचा असा उपयोग मला बघवेना. तो गावी परतायला स्टेशनकडे निघाला आणि मी ते परत कपाटात लावले. उशीही मग खाटेवर गेली.

उन्हाळ्यात दादा गेला. झोपेतच.

मी गावी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. पुतण्याच्या हातात मडकं होतं. पुढच्या बाजूचा एक खांदा माझा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. उचलायला वाकलो आणि कंबरेत उसण भरली. तरी उठलो. अंगणाबाहेर येईतो माझी बाजू खाली जायला लागली.

मागून कुणीतरी म्हणालं, "आवं काका, तिरडी कलंडल. सोडा तुमी."

शेजारच्या शेतकऱ्यानं माझ्या खांद्यावरचा बांबू हलकेच आपल्याकडे घेतला. ओढ्यापर्यंतची वाट मी कुणाच्या तरी दंडाला धरून मागून चाललो. मला माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

पुढे सांगलीत उपचार घेतले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पडदा वर घ्यायला सांगितला, कंबरेला आधार द्यायला, अधूनमधून उठायला. दादानं सांगितलं त्याहून वेगळं काहीच नव्हतं. मी सगळं निमूट केलं, आणि पावसाळा सरता सरता पाठ सरळ झाली.

परवा गुडघ्यांत वाकून भरलेला सिलिंडर उचलला आणि दारातून स्वयंपाकघरात नेला. काही दुखलं नाही. खाली ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. दादाचा माझ्या वाट्याला येणारा भार याहून जास्त नसता.