यादीतलं बारावं नाव

लग्न होऊन केतकीपल्लीत आल्यावर तिसऱ्या दिवशी शैलबालाने दंडपाणि साहूला पहिल्यांदा पाहिलं. आवाज त्याच्याही आधी ऐकला. सायकलला भोंगा बांधून तो गल्लीतून हरवलेल्या शेळीची दवंडी देत चालला होता. "काळी शेळी, उजवा कान फाटका, स्वभाव भांडखोर, अगदी मालकिणीवर गेलेली. दिसली तर पकडू नका, शिंगं मारते. नुसतं कळवा."

मागून एक बाई ओरडली, "दंडिया, एवढ्यासाठी चहा पाजला का रे तुला?"

त्याने भोंगा वळवला. "मालकीण सापडलेली आहे. शेळी अजून नाही."

नवी नवरी असूनही शैलबाला खिडकीआड खुदकन हसली. चोरून सासूकडे पाहिलं, तर तीही पदर तोंडाला लावून हसत होती.

रेशनचं रॉकेल, पोलिओचे डोस, ग्रामसभा, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, मध्ये सुरूची झाडं आणि केवड्याची बनं. त्यामुळे वादळाचा इशाराही त्याच्याकडेच. सरकारी कागद तो कधी जसाच्या तसा वाचत नसे. ताशी इतके किलोमीटर वारा म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुन्हा जाळी विणायला बसतात, असं त्याचं म्हणणं. तो सांगायचा, "शाळेचा पत्रा उडून तळ्यात पडेल असा वारा येतोय. तुमचं छप्पर शाळेपेक्षा भक्कम असेल तर खुशाल घरी बसा." तालुक्याच्या साहेबांना हे पटत नसे. पुढे शैलबाला वॉर्ड मेंबर झाली तेव्हा तिने साहेबांना सांगितलं, "कागद तुमच्यापाशी राहू द्या. लोक याचं ऐकतात."

दंडपाणि, त्याची बायको सुमित्रा आणि धाकटा भाऊ त्रिनाथ यांचं घर एकच. त्रिनाथ गावातल्या निम्म्या पोरांसारखा सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होता. त्याची बायको जेमामणी इथेच होती. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत दंडपाणि काटेकोर पाळायचा. अंगणात शिरण्याआधी खोकायचा. काही सांगायचंच झालं तर सुमित्राला सांगायचा, आणि ती घरात नसली तर भिंतीकडे बघून, "गाईला पाणी दाखवायचं राहिलंय." आतून बांगड्या वाजायच्या. म्हणजे ऐकलं. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग ते मोठं वादळ आलं. पंचायतीने ठरवलं की गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले आणि आंधळे अशांना पहिल्या ट्रॅक्टरने दोन किलोमीटरवरच्या निवाऱ्यात न्यायचं. बाकीचे चालत येतील. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ट्रॅक्टर दुसरी फेरी करेल. पहिल्या फेरीची यादी शैलबालाने स्वतः लिहिली. बारा नावं. शेवटचं जेमामणीचं, तिला आठवा महिना होता.

"नाव ऐकलं की पिशवी घेऊन देवळाच्या कट्ट्यावर यायचं," तिने दंडपाणिला बजावलं. "एकही सुटता कामा नये, भाई."

"मेंबर, माझ्या हातून आजवर शेळीसुद्धा सुटलेली नाही."

यादी त्याच्या हातात देताना बारावं नाव कुणाचं आहे आणि ते कोण वाचणार आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती याच गावात नांदत होती. तिला कळायला हवं होतं.

अकरा नावं दंडपाणिने खणखणीत वाचली. शेवटी स्वतःच्या गल्लीत आला, जरा थांबला, आणि भोंग्यातून म्हणाला, "आणि आमच्या घरचे." एरवी हे सुमित्राने आत जाऊन उलगडून सांगितलं असतं. पण ती सकाळपासून निवाऱ्यात भाताची पातेली चढवत होती.

जेमामणीने दाराआड उभं राहून सगळी नावं ऐकली होती. आपलं नाव आलं नाही. घरचे म्हणजे सगळ्यांबरोबर, दुसऱ्या फेरीला, असं तिने धरलं. शेजारणी चालत निघाल्या, तेव्हा ही यादीतली, कधीच गेली असेल, म्हणून कुणी तिच्या दाराशी वाकूनही पाहिलं नाही.

ट्रॅक्टर निवाऱ्याशी आला तेव्हा शैलबालाने माणसं मोजली. अकरा भरली.

"तुमच्या घरची?"

"सांगितलंय," दंडपाणि खाली बघत म्हणाला. "येईल."

मागे चाळीस माणसं पोह्यांसाठी हात पुढे करून उभी होती. शैलबालाने बाराव्या नावापुढे आल्याची खूण केली. अर्ध्या तासात रस्त्यावर झाडं आडवी झाली आणि दुसरी फेरी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाल्यावर जेमामणी सापडली. तिच्या खोलीची भिंत पडली होती आणि ती खाटेखाली होती. ती वाचली. मूल इस्पितळात मेलेलं जन्मलं.

आठवड्याने तालुक्याचे साहेब आले आणि केतकीपल्लीत एकही बळी गेला नाही म्हणून पंचायतीला शाल दिली. जन्माला न आलेलं मूल त्यांच्या तक्त्यात कुठे बसत नव्हतं. शैलबालाने शाल घेतली. नाही म्हणायचं तिला सुचलं नाही. ती शाल तिने अजून अंगावर घेतलेली नाही.

जेमामणी तिला अपा, म्हणजे ताई, म्हणायची. इस्पितळात ती एवढंच म्हणाली, "अपा, आंधळ्या बुढीचं नाव घेतलं, लकव्याच्या म्हाताऱ्याचं घेतलं. माझं घेतलं असतं तर त्यांना कोण हसणार होतं?"

"खूण मी केली गं," शैलबाला म्हणाली. जेमामणीने कूस बदलली.

त्रिनाथ सुरतेहून आला. भावाशी भांडला नाही. वाईट तेच होतं. बायकोला बरं वाटताच तिला घेऊन निघून गेला.

दंडपाणिने भोंगा पंचायतीत आणून टेबलावर ठेवला. "दुसरा माणूस बघा."

"भाई, चूक माझीही आहे. यादी मी केली."

"तुम्ही लिहिलं होतंत, मेंबर. मला वाचता येत होतं. मी तोंड उघडलं होतं. बाहेर दुसरंच आलं."

आता अंगणवाडीच्या दोघी मिळून यादी वाचतात, आणि ज्याचं नाव त्याने ओ दिल्याशिवाय पुढच्या दाराशी जात नाहीत. हा नियम शैलबालाने करून घेतला. कुणी तिचं कौतुक केलं की ती विषय बदलते.

दंडपाणि आणि सुमित्रा आता त्या घरात दोघंच राहतात. त्रिनाथच्या बाजूची भिंत त्याने पुन्हा उभी केली आहे, आणि दर उन्हाळ्यात त्या रिकाम्या खोलीचं छप्पर तो शाकारतो.