दोरी ओलांडली तेव्हा

दोरीपाशी दोन्ही सैन्यांनी थांबायचं ठरलं होतं. स्कॉटिश बाजू थांबलीच नाही.

दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मध्ययुगात दोन राज्यांची सैन्यं समोरासमोर ठाकली आणि अखेर बोलणी होऊन तह झाला, असा एक प्रसंग हौशी मंडळी चिलखतं चढवून सादर करायची. याला री-एनॅक्टमेंट म्हणतात. मी बर्मिंगहॅमहून सेफ्टी ऑफिसर म्हणून गेले होते. या तलवारींना धार नसते, पण पोलाद ते पोलादच. हाड सहज मोडतं.

सकाळी रिहर्सलमध्ये तेच झालं. इंग्लिश बाजूच्या ग्रॅहमच्या फटक्याने स्कॉटिश बाजूच्या इयनचं मनगट मोडलं. त्याला हॉस्पिटलला नेलं. ग्रॅहम "सॉरी" म्हणाला, पण हसत.

"शो कॅन्सल करा," मी ऑर्गनायझरला म्हटलं.

"लोक येऊन बसलेत. आता कसं करणार?"

आणि आता शोमध्ये स्कॉटिश सैनिक ढाली बडवत मैदानाच्या मध्यावरची दोरी ओलांडून येत होते. पुढे बसलेली मुलं टाळ्या वाजवत होती. मी "होल्ड!" ओरडले. हा शब्द ऐकला की सगळ्यांनी जागीच थांबायचं असतं. शिरस्त्राणांच्या आत तो कुणाला ऐकू जाणार?

दुसरा नियम असा, की उघड्या डोक्याचं माणूस मैदानात दिसलं की शस्त्रं खाली. मी माझी हार्ड हॅट काढली आणि मध्ये जाऊन उभी राहिले. एक तलवार माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"बाजूला व्हा!" त्यांचा प्रमुख कॅलम गरजला. "ग्रॅहम कुठाय?"

"आधी शिरस्त्राण काढा. मला नीट ऐकू येत नाही." येत होतं, खरं तर.

त्याने काढलं. डोळे भरले होते. "इयन माझा धाकटा भाऊ आहे. सुतार आहे तो. हात गेला तर करणार काय?"

मी इंग्लिश प्रमुखाला, मार्टिनला, हाक मारली. तोही उघड्या डोक्याने पुढे आला.

"तुला काय हवंय?" त्याने कॅलमला विचारलं.

"ग्रॅहमने मैदान सोडायचं. आजच हॉस्पिटलला जाऊन माफी मागायची. न हसता."

मार्टिनने मागे वळून पाहिलं. ग्रॅहमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जा," मार्टिन म्हणाला.

ग्रॅहम तलवार ठेवून निघाला. दोघा प्रमुखांनी हात मिळवले. प्रेक्षकांना सगळा अभिनयच वाटला.

इयनचं मनगट जुळलं. पुढच्या वर्षी मी एक नियम वाढवला: रिहर्सलनंतर दोन्ही बाजूंनी एकाच टेबलावर जेवायचं. तलवारी तपासण्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.